जीपचा लेखी इतिहास

कुरुंदा, ता. वसमत
२० जानेवारी २०२५

शेखबाई यांस,
स. न. वि. वि.

नांदेडच्या एका डॉक्टरांच्या जुन्या जीपला तुम्ही नवे स्टिअरिंग बसवून दिले आणि ते एका बोटाने फिरते, असे ऐकले. बाईमाणूस हे काम करते यावर आधी विश्वास बसला नाही. डॉक्टरांनी गाडी फिरवून दाखवली, तेव्हा बसला.

माझ्याकडे १९८६ सालची फोर व्हील जीप आहे. आठ वर्षांपूर्वी अपघात झाला, तेव्हापासून शेडात उभी आहे. इंजिन मी महिन्यातून एकदा सुरू करतो. त्या अपघातात माझा डावा खांदा गेला, हात छातीच्या वर जात नाही. जुन्या पद्धतीचे जड स्टिअरिंग आता मला ओढवणार नाही. ड्रायव्हर ठेवावा तर माझ्याकडे कोणी टिकत नाही. वय एकाहत्तर. मळ्याकडे जायचे तर मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून जावे लागते, गाठोड्यासारखे. मला माझी जीप माझ्या हाताने चालवायची आहे. काय ते कळवा. फोनवर मला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र.

आपला,
अमृतराव


हिंगोली
२४ जानेवारी २०२५

मा. अमृतराव यांस,

पत्र मिळाले. काम होण्यासारखे आहे. अपघातात भंगार झालेल्या लहान कारमधला, विजेची मोटर असलेला स्टिअरिंग कॉलम मी वापरते. तो जीपच्या डॅशखाली बसवायचा आणि तिथून खाली स्टिअरिंग बॉक्सपर्यंत नवा शाफ्ट करायचा. शाफ्टाच्या दोन टोकांना दोन क्रॉस, म्हणजे वाकणारे सांधे, येतात. दोन्ही क्रॉसचे काटे एका रेषेत नसले तर चाक एका जागी जड आणि दुसऱ्या जागी हलके लागते. लोक हे बसवल्यावर बघतात. मी आधी बघते.

माझ्या वर्कशॉपचा एक नियम आहे. गाडीचा लेखी इतिहास मिळाल्याशिवाय मी स्टिअरिंगला हात लावत नाही. या गाडीच्या स्टिअरिंगमध्ये आजवर कोणी, कधी, काय बदलले आणि काय, कसे तुटले, हे मालकाने स्वतःच्या अक्षरात लिहून खाली सही करायची. इंजिनाबद्दल कोणी खोटे बोलले तर गाडी बंद पडते. स्टिअरिंगबद्दल बोलले तर माणूस जातो. डॉक्टरांनीही लिहून दिले होते.

गाडी ट्रॉलीवर घालून पाठवावी. कोणी चालवत आणू नये.

मंतशा शेख


हिंगोली
२६ जानेवारी २०२५

पुजा,

तुझा चाकणचा पत्ता कॉलेजातल्या आपल्या वर्कशॉपच्या सरांकडून घेतला. फोन नंबरही देत होते, मी घेतला नाही. फोनवर मी गप्प बसते, हे तुला माहीत आहे.

तंत्रनिकेतनात तीन वर्षं आपण एका बाकावर बसलो आणि नंतरची आठ वर्षं बोललो नाही. तुझे वडील त्या जीपमध्ये गेले आणि सगळ्यांनी सांगितलं की माझ्या अब्बांच्या हातचं काम तुटलं. तू तोंड फिरवलंस. मी कारण विचारलं नाही, कारण मला ते माहीत आहे असं वाटत होतं.

आता कुरुंद्याच्या अमृतरावाचं पत्र आलं आहे. तुझे वडील ज्याची जीप चालवायचे, तोच. त्याला तीच जीप पुन्हा चालवायची आहे. मी मोहियोद्दीन मिस्त्रींची मुलगी आहे, हे त्याला माहीत नाही. शेख पुष्कळ आहेत.

अपघातानंतर तो आखाडा बाळापूरला बाजाराच्या दिवशी आमच्या दुकानासमोर उभा राहिला, हात गळ्यात बांधलेला, आणि ओरडला, "ह्याच्या वेल्डिंगनं माझा माणूस खाल्ला." अब्बा लेथवर होते. त्यांनी लेथ बंद केलं आणि काहीच बोलले नाहीत. महिनाभरात गिऱ्हाईक थांबलं, वर्षात लेथ गेलं. आज ते पिठाच्या गिरणीत दळण टाकतात. दुकानाचं कुलूप त्यांनी तेव्हापासून उघडलेलं नाही.

तो शाफ्ट करताना मी तिथं होते. भरीव सळई होती, दोन्ही टोकांना लेथवर दाते पाडलेले. त्यात वेल्डिंग नव्हतंच. जो जोड नव्हता तो तुटला कसा?

मला अमृतरावाच्या तोंडून खरं हवं आहे. त्याच बाजारात, अब्बा समोर असताना. अब्बा सदुसष्ट वर्षांचे आहेत. गोष्ट तुझ्याही वडिलांची आहे, म्हणून विचारते. तुझी हरकत आहे का?

मंतशा


चाकण
४ फेब्रुवारी

मंतशा,

तुझं अक्षर अजून ड्रॉइंगच्या कागदावरच्यासारखंच आहे. पाकीट उघडायच्या आधी ओळखलं.

हरकत कशाची? तो माणूस बाच्या दहाव्याला तांड्यावर आला नाही. निरोप पाठवला की मिस्त्रीला जाऊन विचारा. माझी आई, आमची याडी, त्या दिवसापासून कुरुंद्याच्या वाटेनं गेलेली नाही, लांबच्या वाटेनं वसमतला जाते.

मी इथं रोज दोनशे बोल्ट किती आवळलेत ते तपासते. कुठला बोल्ट किती सैल ठेवला की तीनशे किलोमीटरनंतर आपोआप निघतो, तो आकडा माझ्याकडे आहे. कळवू का? तू कामाला हात लावणारच आहेस.

एक सांगते. त्याला गाडीचं विचार, पण बाबद्दल काही विचारू नको.

पुजा


कुरुंदा
११ फेब्रुवारी २०२५

शेखबाई यांस,
स. न. वि. वि.

गाडी ट्रॉलीवर पाठवली आहे. इतिहास लिहून द्यायचा हा प्रकार मला नवा आहे, पण मी नऊ वर्षे सोसायटीचा चेअरमन होतो, लिहायला भीत नाही.

जीप १९९९ साली लिलावात घेतली. २०१५ साली स्टिअरिंग बॉक्स झिजला म्हणून दुसऱ्या गाडीचा बॉक्स टाकला. त्याला जुना शाफ्ट पुरेना. तेव्हा आखाडा बाळापूरच्या एका मिस्त्रीने नवीन करून दिला. त्याचे नाव आता आठवत नाही. २०१७ च्या अक्षय्यतृतीयेला वसमतहून येताना कालव्याच्या वळणावर चाक नुसतेच फिरू लागले, गाडी वळली नाही. ड्रायव्हर जागीच गेला. मी वाचलो. मिस्त्रीचे वेल्डिंग कच्चे होते, ते सुटले. पंचनाम्यात 'स्टिअरिंग निकामी' एवढेच आहे. गरीब माणूस म्हणून मी त्याचे नाव पोलिसात दिले नाही.

हाच इतिहास. खाली सही करतो.

अमृतराव


हिंगोली
१६ फेब्रुवारी

पुजा,

बोल्टाचा आकडा कळवू नकोस. मलाही तो माहीत आहे. मेलेला माणूस काही कबूल करत नाही. शिवाय माझ्या हातून गेलेलं स्टिअरिंग सुटलं, तर लोक म्हणतील, बापासारखीच निघाली. त्याचं खोटं मीच खरं करून देईन. तो माझ्या स्टिअरिंगवर शंभर वर्षं जगला तरी चालेल. मला तो खोटा ठरलेला हवा आहे.

गाडी उघडली. खालच्या क्रॉसला शाफ्ट नाहीच. पाऊण इंची पाण्याच्या पाइपाचा तुकडा वेल्ड केला आहे, आणि तो वेल्डिंगच्या कडेनं फाटला आहे. व्हर्नियर लावला. बाहेरून २६.९ मिलीमीटर, आतून पोकळ, वरून नळाचा चंदेरी मुलामा. अब्बांचा शाफ्ट बावीस मिलीमीटरचा आणि भरीव होता. म्हणजे अपघाताच्या दिवशी अब्बांचं काम त्या गाडीत नव्हतंच.

तो आठ वर्षं दर महिन्याला शेड उघडतो, इंजिन चालू करतो. खाली वाकून त्यानं कधी पाहिलं नसेल. किंवा पाहिलं असेल, आणि हे ओळखणारं कोणी येईल असं त्याला वाटलं नसेल.

अब्बांचा शाफ्ट कोणी काढला? आता तो कुठे आहे? तुझ्या वडिलांनी घरी कधी काही सांगितलं होतं का?

मंतशा


हिंगोली
१७ फेब्रुवारी २०२५

मा. अमृतराव यांस,

गाडी आणि इतिहास दोन्ही मिळाले. कॉलम बसवायला घेतला आहे.

एक अडचण आहे. अपघातात तुटलेला तुकडा वाकला आहे, त्यावरून माप घेता येत नाही. बाळापूरच्या मिस्त्रीने केलेल्या शाफ्टावर गाडी दोन वर्षे नीट चालली, म्हणजे त्याची लांबी बरोबर होती. ती मिळाली तर काम पाडव्याच्या आत होईल. न मिळाल्यास दोन-तीन शाफ्ट करून बघावे लागतील आणि काम पावसाळ्यावर जाईल. कुठे नोंद, रेखाटन किंवा जुना भाग असल्यास कळवावे.

मंतशा शेख


कुरुंदा
३ मार्च २०२५

शेखबाई यांस,
स. न. वि. वि.

तुमचे नशीब चांगले. नोंद कशाला, शाफ्टच माझ्याकडे आहे. इतिहासात लिहिला नाही, कारण तो गाडीचा राहिला नव्हता.

त्या साली हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या हळद पॉलिश करायच्या ड्रमचा शाफ्ट तुटला. चौदा एकरांची हळद शिजवून, वाळवून अंगणात पडलेली आणि वर आभाळ आलेले. हंगामात कोणता लेथवाला हातातले काम सोडून आपले करतो? माझी नजर जीपवर गेली. त्या मिस्त्रीचा शाफ्ट काढला आणि ड्रमला लावला, तर असा बसला की जणू त्याच्यासाठीच केला होता. आठ हंगाम झाले. रोज दहा तास फिरतो. केसाएवढा झिजला नाही. मुलगा नवीन मशीन घ्या म्हणून मागे लागतो. मी म्हणतो, हा शाफ्ट तुटेल त्या दिवशी घेऊ. असे लोखंड आणि असे दाते आता कोणी देत नाही.

(पान दुसरे)

माप घेण्यात चूक नको म्हणून काढूनच पाठवतो. पाडव्यानंतर पॉलिश सुरू होते, त्याआधी परत पाहिजे, विसरू नका.

जीपला तेवढ्या दिवसांपुरता पाइप टाकला होता. तो ड्रायव्हर भावसिंगनेच कापला, हळद शिजवायचे कुकर बनवणाऱ्याकडून वेल्ड करून आणला आणि त्यानेच बसवला. चालवतही तोच होता. आता वेल्डिंग मिस्त्रीचे काय आणि कुणाचे काय, मेलेल्या माणसाला काय बोलावे. तुम्हाला मापाशी काम.

अमृतराव


हिंगोली
८ मार्च

पुजा,

शाफ्ट सापडला. आत्ता माझ्या टेबलावर आहे. हळदीच्या ड्रममध्ये होता, आठ वर्षं. दात्यांच्या खाचांत पिवळी भुकटी घट्ट बसली आहे.

त्याच्या पत्राच्या पहिल्या पानाची प्रत सोबत आहे. हिशेब साधा आहे. शाफ्ट निघाला हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, बारा एप्रिलला. अपघात अक्षय्यतृतीयेला, अठ्ठावीस एप्रिलला. मधले सोळा दिवस जीप पाण्याच्या पाइपावर चालली. त्याला हे ठाऊक होतं, आणि तरी तो बाळापूरच्या बाजारात येऊन ओरडला. हे सगळं त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहून सही केली आहे, तेही फुशारकीनं. हंगामात त्याला जे सुचलं त्याचा त्याला अजून अभिमान आहे.

दुसऱ्या पानावर नुसती मापं आणि शाफ्ट परत पाठवायची तारीख आहे, म्हणून ते जोडत नाही.

रोजे चालू आहेत, काम दुपारपर्यंतच होतं. ईदच्या आत संपवीन.

मंतशा


चाकण
१९ मार्च

मंतशा,

तुला खोटं लिहिता येत नाही. शाफ्टच तुझ्या टेबलावर आहे, तर तो मापं कशाला लिहील? दुसऱ्या पानावर माझ्या बाचं नाव आहे. पाइप त्यानं लावला, असं लिहिलं असेल.

खरं आहे ते. मला माहीत होतं.

त्या दिवशी बा घरी आला तो हाताला भाजून. वेल्डिंग गार व्हायच्या आत पाइप उचलला होता. याडी म्हणाली, नको चालवू. तो म्हणाला, मालक म्हणतो चारच दिवस. चार दिवसांनी विचारलं तर मालक म्हणाला, हळद होऊ दे. मग बा बाजाराच्या दिवशी तुझ्या अब्बांकडे गेला. ते म्हणाले, "भावसिंग, गाडी ढकलत ने, पन चालवू नको. माझ्याकडं आठ दिवसाचं काम पडून हाय, ते झालं की पहिला तुझा करतो." आठ दिवस भरायच्या आत अक्षय्यतृतीया आली.

मातीनंतर तिसऱ्या दिवशी तुझे अब्बा तांड्यावर आले. मी दारात उभी होते. याडी त्यांना म्हणाली, "भाऊ, तुमी बोललात तर लोक म्हनतील, यानंच पाइप लावला, यानंच सोताचा जीव घेतला. माझ्या लेकरांनी हेच ऐकत मोठं व्हायचं काय?" अब्बांनी उठून चपला घातल्या. मग म्हणाले, "मी बोलनार न्हाई, बाई." पुढच्या आठवड्यात अमृतराव बाजारात ओरडला. अब्बा गप्प का राहिले, हे मला त्या दिवसापासून माहीत आहे.

तू समजलीस तसा मला राग नव्हता. तुझ्याकडे बघायचं तोंड नव्हतं.

याडीला फोनवर सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, दोन्ही पानं बाजारात दाखवा. लेकरं आता मोठी झाली. फक्त त्याला एकदा माझ्या दारात पाठवा, पायी.

पुजा


हिंगोली
२३ मार्च

पुजा,

पत्र तीनदा वाचलं. तुला माफ केलं असं लिहिणार नाही, कारण ते खरं नसेल. अब्बांनी शब्द दिला, तो त्यांचा होता. तुझ्या आईनं मागितला, तो लेकरांसाठी. पण त्या मे महिन्यात तू माझ्या शेजारी बसून शेवटचे सहा पेपर दिलेस. आपल्यात एका हाताचं अंतर होतं. आमच्या दुकानावर तेव्हा लोक थुंकून जात होते, आणि तू माझ्याकडे खोडरबर मागितलंस. हे नंतर बघू. आधी अमृतराव.

काल बाळापूरला गेले आणि इफ्तार झाल्यावर अब्बांसमोर शाफ्ट ठेवला. त्यांनी नखानं हळद काढली, एका टोकाचे दाते बोटानं मोजले. म्हणाले, "ग्रीस न्हाई लावलं यानं कधी." मी विचारलं, तुम्ही बोलला का नाहीत? ते म्हणाले, "बोलून भावसिंग वापस आला असता काय?" मी म्हटलं, लेथ आलं असतं. ते उठून नमाजला गेले. मी बोलायला नको होतं, पण परत घेणार नाही.

त्यांचा शब्द त्यांनी पाळला. मी कुणाला शब्द दिलेला नाही.

मंतशा


हिंगोली
२६ मार्च २०२५

मा. अमृतराव यांस,

तुमच्या गाडीचे काम एक सोडून पूर्ण झाले आहे. कॉलम बसला, मोटर चालते, चाक एका बोटाने फिरते. नवा शाफ्ट तयार आहे. तो गाडीत बसवलेला नाही. त्यामुळे चाक फिरते, पण गाडी वळत नाही. हा प्रकार तुम्हाला परिचित आहे.

जीप मी आखाडा बाळापूरला, बाजाराच्या रस्त्यावर, मोहियोद्दीन मिस्त्रींच्या बंद दुकानासमोर उभी केली आहे. नाव तुम्हाला आठवत नव्हते म्हणून कळवते. मी त्यांची मुलगी.

तुमची ११ फेब्रुवारी आणि ३ मार्चची पत्रे, दोन्ही पानांसह, सही दिसेल अशी, जीपच्या पुढच्या काचेला आतून लावली आहेत. पाण्याचा फाटलेला पाइप बॉनेटवर तारेने बांधला आहे. ज्यांना वाचता येते ते वाचत आहेत. इतरांना चहावाला वाचून दाखवतो. हिंगोली, वसमत आणि कळमनुरीत स्टिअरिंगचे काम करणारे अकरा जण आहेत. प्रत्येकाला एकेक प्रत दिली आहे. त्यातले चौघे अब्बांच्या हाताखाली शिकले.

ड्रमचा शाफ्ट तुमचा आहे, मी ठेवून घेत नाही. तो मिस्त्रींकडे आहे. बाजाराच्या दिवशी यावे, २०१७ साली जिथे उभे होतात तिथे उभे राहावे, काय झाले ते सांगावे आणि शाफ्ट मागून घ्यावा. मुलाच्या किंवा ट्रॉलीवाल्याच्या हाती तो दिला जाणार नाही.

जीपचा शाफ्ट त्यानंतर. आधी तांड्यावर भावसिंगच्या पत्नी निर्मलाबाई यांच्याकडे जावे, पायी, आणि सगळे तोंडाने सांगावे. त्यांचा होकार मला मिळाला की शाफ्ट बसवीन. त्याला वीस मिनिटे लागतात.

मंतशा मोहियोद्दीन शेख


कुरुंदा
३ एप्रिल २०२५

मंतशा,

तू फसवून लिहून घेतलेस. वकिलाला पत्रे दाखवली. तो म्हणाला, अक्षर तुमचे, सही तुमची, गाडी न विचारता दुसऱ्या गावी नेली, एवढ्यावरच भांडता येईल.

पाडवा झाला. हळद अंगणात पडून आहे. बाजारातून आणलेला शाफ्ट तिसऱ्या दिवशी वाकला. मुलगा मला काही बोलत नाही, पण ड्रमजवळून जाताना त्याला लाथ मारतो. बाळापूरच्या सोयऱ्यांनी काचेवरचे वाचून इथे फोन केला. सुनेने तो फोन मुद्दाम मोठ्या आवाजावर लावला.

एक गोष्ट तुम्ही कोणी ध्यानात घेत नाही. त्या गाडीत मीही बसलो होतो. पाइप तुटेल असे वाटले असते तर मी बसलो असतो काय? दवाखान्यात पडलो होतो तेव्हा लोक विचारायचे, काय तुटले. पहिल्याला सांगितले, मिस्त्रीचे काम. दुसऱ्याला तेच सांगावे लागले. पुढे तेच खरे वाटू लागले.

येतो.

अमृतराव


हिंगोली
१२ एप्रिल

पुजा,

तो आला. मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून, पांढरी टोपी घालून. मला वाटलं होतं त्यापेक्षा उंचीनं कमी आहे.

बाजार भरला होता. अब्बांना मी सकाळीच गिरणीतून बोलावून आणलं होतं. अंगावर पीठ होतं, ते त्यांनी झटकलं नाही. दुकानाच्या पायरीवर बसले. अमृतराव जीपकडे न बघता सरळ त्यांच्याकडे आला आणि म्हणाला, आत बसून बोलू. अब्बा म्हणाले, आतमध्ये काही न्हाई आता. चहावाल्यानं स्टूल आणून ठेवलं आणि म्हणाला, "बसा चेअरमनसाहेब, मी वाचून दाखवू का तुमी सोताच सांगता?" लोक हसले. तो बसला नाही.

मग तो म्हणाला, "मिस्त्री, शाफ्ट तुमचा तुटला न्हाई. मी काढून ड्रमला लावला होता."

मागून कोणीतरी म्हणालं, इकडं ऐकू आलं न्हाई. त्यानं वळून पुन्हा सांगितलं. मग मिरच्यांच्या गोण्यांकडून तेच आलं, ऐकू आलं न्हाई. तो तिसऱ्यांदा बोलला. आवाज चिरकला होता आणि टोपी हातात आली होती. मी घड्याळ पाहिलं नाही, पण चार मिनिटांपेक्षा जास्त झालं नसावं. अब्बांची आठ वर्षं.

अब्बा उठले, पायरीजवळ गोणपाटात गुंडाळून ठेवलेला शाफ्ट उचलला आणि त्याच्या हातात दिला. ग्रीस लावून ठेवला होता. म्हणाले, "पंधरा दिवसाला ग्रीस लावत जा. अजून वीस वर्सं जाईल." बस, एवढंच. त्यांनी तो त्याच्या पायावर टाकला असता तर मला बरं वाटलं असतं.

तो गेल्यावर वारंग्याचा एक माणूस पुढे आला. त्याच्याकडे जुनी जीप होती, शाफ्ट करून हवा होता. म्हणाला, मिस्त्री, तुमच्याच हातचा पाहिजे. अब्बा म्हणाले, "लेथ कुठाय?" तो माणूस दुकानाच्या कुलुपाकडे बघायला लागला. मला वाटलं होतं, त्या दिवसानंतर काहीतरी संपेल.

आता तो तुमच्याकडे येईल. निर्मलाबाईंचं उत्तर मला लेखी पाठव.

मंतशा


तांडा
२४ एप्रिल

मंतशा,

मी रजा काढून आले आहे, महिनाभर आहे. आपलं जे नंतर बघायचं म्हणालीस, त्यासाठी तू बोलावशील तेव्हा हिंगोलीला येईन. न बोलावलंस तर समजून घेईन.

तो काल आला. कुरुंद्यापासून पायी, सकाळच्या नऊच्या उन्हात. मुलगा मोटारसायकल घेऊन मागं हळूहळू येत होता, तांड्याच्या बाहेर थांबला. याडीनं बाज टाकली, तांब्याभर पाणी दिलं. त्यानं सगळं सांगितलं, ड्रमपासून बाजारापर्यंत. मधे दोनदा थांबला. याडी ज्वारी निवडत होती, हात थांबला नाही.

त्याचं झाल्यावर तिनं एकच विचारलं. म्हणाली, "मिस्त्री चालवू नको म्हनतो, हे त्यानं तुमाला सांगितलं व्हतं का?"

त्यानं तांब्या उचलला, परत खाली ठेवला. मग म्हणाला, "व्हय."

"मग तुमी काय म्हनलात?"

"म्हनलं, चालव. मी बसतो ना शेजारी."

याडीनं सुपातले खडे वेचून बाजूला टाकले. तो म्हणाला, मग मिस्त्रीच्या पोरीला काय कळवू? हात जोडायला उचलले होते, एक पूर्ण वर आणि एक अर्धा. याडी म्हणाली, तुमी काही कळवू नका, मी कळवते. तो उठला. त्याला वाटलं, झालं. जाताना त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला, मला बाजूला व्हायला जमलं नाही.

मुलाच्या मागे बसून तो दिसेनासा होईपर्यंत याडी दारात उभी होती. मग मला म्हणाली, कागद घे. तिचं उत्तर तिच्याच शब्दांत लिहिते, खाली तिचा अंगठा आहे.

"पोरी, बसवू नको. आन न्हाई म्हनून त्याला कळवू पन नको. रोज सकाळी उठून वाट बघू दे."

पुजा